कष्ट आणि यश : 'स्मृतिचित्रे' व 'बलुतं' ह्यांच्या निमित्ताने

कष्ट केले की यश मिळतेच, हे विधान आपल्याकडे इतक्या ठिकाणी आणि इतक्या निःशंकपणे केले जाते, की ते एखाद्या सिद्धान्तासारखे वाटू लागले आहे. शाळेच्या पारितोषिक समारंभात प्रमुख पाहुणे ते सांगतात. धर्मग्रामाच्या सणाच्या स्मरणिकेत 'जिद्द, चिकाटी आणि अपार कष्ट ह्यांच्या बळावर' वर आलेल्या व्यक्तीचा परिचय छापलेला असतो. आपल्या म्हणीही बहुधा ह्याच पक्षाच्या आहेत. 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणणारा मराठी माणूस 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' अशा वृत्तीची थट्टा करतो, आणि ती थट्टा रास्तच आहे. आळसाची तरफदारी करावी असे कोणाच्याही मनात नसते. प्रश्न निराळा आहे. कष्ट हवेतच, हे मान्य केल्यावरही एवढे विचारायचे उरते, की केवळ कष्ट पुरतात काय? आणि पुरत नसतील, तर आयुष्यभर राबूनही ज्यांच्या पदरी काही पडले नाही, त्यांच्याविषयी आपण आजवर जे बोलत आलो त्याचे काय?

हा प्रश्न व्यासपीठावरील भाषणांपेक्षा आत्मचरित्रांना विचारलेला बरा. भाषणात यशाचा शेवट तेवढा सांगितला जातो. आत्मचरित्रात वाट सांगावी लागते. आत्मचरित्र प्रामाणिक असेल, तर त्या वाटेवर कोणी हात दिला, कोणी दार लावून घेतले, कोठे नशिबाने साथ दिली, हे लेखकाने मुद्दाम सांगितले नाही तरी वाचकाला दिसत राहते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याशी घट्ट नाते असलेली दोन आत्मचरित्रे मराठीत आहेत, आणि दोन्ही मराठी गद्याची भूषणे मानली जातात. एक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आणि दुसरे दया पवारांचे 'बलुतं'. दोहोंमध्ये जवळजवळ पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एकीची लेखिका कर्मठ ब्राह्मण घरात जन्मलेली, दुसऱ्याचा लेखक महारवाड्यात. ही दोन पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचली, म्हणजे कष्ट आणि यश ह्यांच्या नात्याविषयी जे कळते, ते कोणत्याही एकाच पुस्तकातून कळत नाही.

राहुरीच्या वाचकाला हा प्रश्न फार समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या शिवारातच तो मांडलेला आहे. बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर धरण झाले आणि कालव्यांनी पाणी खेळू लागले, तेव्हा पाटाखाली आलेले रान बागाईत झाले. जे रान पाटाच्या वरच्या अंगाला राहिले, ते जिराईतच राहिले. दोन्हीकडचा शेतकरी उठतो पहाटेच. नांगरट, पेरणी, खुरपणी ह्यांत कोणीही उणा नसतो. पाटाखालीसुद्धा चारीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला आवर्तन वेळेवर मिळते, आणि टेलला ज्याचे शेत आहे तो पाण्याची वाट पाहत रात्र काढतो. ह्याच तालुक्यात १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. घाम पुरेसा असता, तर विद्यापीठाचे प्रयोजनच उरले नसते. बियाणे, माती, पाणी आणि ज्ञान ह्यांची जोड मिळाल्याखेरीज घामाचे पीक होत नाही, ही गोष्ट शेतीत सर्वांना मान्य आहे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो. म्हणून ह्या दोन पुस्तकांना मी एकच शेतकरी प्रश्न विचारणार आहे : येथे कष्ट कोणाचे होते, आणि पाणी कोठून आले?

प्रथम 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते, आणि त्या वेडापायी घरातल्या बायकांचे हात सतत पाण्यात असत. येथे कष्ट भरपूर आहेत आणि त्यांतून कोणाचेही काही भले होत नाही. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे; म्हणून त्यामागची गंभीर गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटते. राबण्याला आपोआप मोल येत नाही, हे ह्या पुस्तकाच्या आरंभीच सिद्ध झालेले आहे. धान्य धुण्यात गेलेले आयुष्य आणि धान्य पिकवण्यात गेलेले आयुष्य, दोन्हींत श्रम सारखेच असू शकतात.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते, उदार होते आणि संसाराच्या दृष्टीने पुरते बेभरवशाचे होते. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाण्यास वेळ लागत नसे. ह्या घरात काटकसर, पाहुणे, आजारपणे आणि बदलती बिऱ्हाडे ह्यांचा सगळा भार लक्ष्मीबाईंवर होता. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पुन्हा टिळकांकडे आल्या, त्या अहमदनगर-राहुरीच्या परिसरात. राहुरीस तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने जिल्हा होरपळत होता, आणि अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला येत होती. सोवळ्यात वाढलेल्या ह्या बाईने जातीविषयीचा आपला निर्णय त्याच वर्षांत घेतला, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. जाती देवाने केलेल्या नाहीत, ह्या निष्कर्षाला त्या कोणाच्या उपदेशाने आल्या नाहीत. स्वतःशी विचार करून, स्वतःच्या मनाशी भांडून आल्या. हे कष्टही मोजले पाहिजेत. देहाच्या कष्टांना साक्षीदार असतात, मनाच्या कष्टांना नसतात.

आता यशाकडे पाहू. शाळेचे तोंड न पाहिलेली एक स्त्री मराठीतील सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक लिहून जाते, ह्याहून मोठे यश कोणते? जोडाक्षरांशी त्यांची झटापट शेवटपर्यंत चालली होती, असे सांगतात. पारितोषिक समारंभातील वक्त्याच्या हाती ही कथा दिली, तर तो म्हणेल : पाहा, कष्टाने काय होते! पण पुस्तक वाचणाऱ्याला असे म्हणता येणार नाही. कारण पाणी कोठून आले, हे त्या पानोपानी सांगतात. अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. त्याच्या शिकवण्यात धरसोड होती, रागावणे होते, शिकवणीचे बेत मोडत होते. पण ज्या काळात पुष्कळ घरांत बायकोच्या हाती पाटी देणे हाच अपराध होता, त्या काळात ह्या घरात पाटी आली. घरात कवितेचा वावर होता. बालकवी ठोमऱ्यांसारखा कवी ह्या घरात मुलासारखा राहून गेला. मिशनच्या वर्तुळात शिकलेल्या बायका दिसत होत्या, बाईने बोलणे आणि लिहिणे तेथे नवलाचे नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुस्तकाचे निमित्त. टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त ह्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईपाशी आठवणी मागितल्या. कोणीतरी विचारले, म्हणून ती बोलली. देवदत्तांनी विचारले नसते, तर राहुरीचा दुष्काळ, नगरचा प्लेग आणि जलालपूरचे सोवळे लक्ष्मीबाईंबरोबरच गेले असते. ती बाई तितकीच कष्टाळू, तितकीच शहाणी आणि तितकीच विनोदी राहिली असती. फक्त आपल्याला ठाऊक झाली नसती.

ह्याच घराच्या इतिहासात आणखी एक पुरावा आहे, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. सुमारे साडेदहा अध्याय झाले आणि ते वारले. उरलेले काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहून ग्रंथ शहात्तर अध्यायांचा केला. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत न गेलेल्या विधवेने चौसष्ट अध्याय ओव्या रचणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करून पाहावी. श्रमांच्या मापाने मोजले, तर लक्ष्मीबाईंचे जीवितकार्य 'ख्रिस्तायन' आहे. पण आज 'ख्रिस्तायन' किती घरांत वाचले जाते? आणि 'स्मृतिचित्रे'? १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या आठवणी मराठीत अजून ताज्या आहेत. १९५० साली जोसेफिन इंकस्टर ह्यांनी त्यांचे इंग्रजी रूपांतर केले, आणि २०१७ साली शांता गोखले ह्यांनी नव्याने संपूर्ण अनुवाद केला. एकाच लेखिकेच्या दोन ग्रंथांत अधिक कष्टाचा ग्रंथ कमी वाचला गेला. मला येथे 'ख्रिस्तायना'ला कमी लेखायचे नाही. भक्तीने केलेल्या कामाचा हिशेब वाचकसंख्येने होत नाही. पण जितके कष्ट तितके यश, हे गणित एका माणसाच्या आयुष्यातसुद्धा सुटत नाही, एवढे ह्यावरून दिसते. रोजच्या बोलण्याची मराठी लक्ष्मीबाईंच्या जिभेवर आयती होती. ते त्यांचे देणे होते. ओवीसाठी त्यांना ओझे वाहावे लागले. देणगी कोणती आणि ओझे कोणते, हे ठरवणे माणसाच्या हाती थोडेच असते.

ख्रिस्ती मराठीच्या पूर्वजाची गोष्ट येथे सहज आठवते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स मराठी शिकले, इतकी की त्या भाषेत त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला छापून निघाले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले, आणि तरीही त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. एवढे कष्ट नाहीसे होण्याच्या वाटेवर होते. ते वाचले, कारण गोव्यातील आणि मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते उतरवून जपली आणि वाचली. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला साल्ढाणांनी ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले. फादर स्टीफन्स ह्यांचे यश त्यांच्या हयातीनंतर तीन शतके इतरांच्या हाती होते. ज्यांनी ती पोथी उतरवून घेतली त्यांची नावे बहुतेक कोणाला ठाऊक नाहीत.

आता 'बलुतं'. लक्ष्मीबाईंच्या कथेत पाणी येते ते उशिरा, अडखळत, पण येते. दया पवारांच्या कथेत ते मुळातच अडवलेले आहे. पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. १९७८ साली 'बलुतं' प्रसिद्ध झाले, आणि मराठी वाचकाला आपल्याच गावाची दुसरी बाजू दिसली. पुस्तकाचे नावच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. महाराने मेलेले ढोर ओढावे, मयताची बातमी परगावी पोचवावी, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावे, रात्रीबेरात्री हाक येईल तेव्हा हजर व्हावे. आणि ह्या चोवीस तासांच्या चाकरीबद्दल शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन जो वाटा मिळेल तो घ्यावा. काम जन्माने ठरलेले आणि मोबदलाही जन्माने ठरलेला. अधिक राबला म्हणून महार पाटील होत नसे. कमी राबला म्हणून पाटील महार होत नसे. कष्ट आणि फळ ह्यांच्यामधला दोर येथे कापलेलाच होता. ह्या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. म्हणजे तीस वर्षे लागली. आणि ते काम कोणा एकट्या महाराच्या चिकाटीने होण्यासारखे नव्हते.

'बलुतं'मधील सर्वांत कष्टाळू व्यक्ती म्हणजे दगडूची आई. नवरा मुंबईच्या गोदीत कामाला आणि दारूच्या आहारी गेलेला. कावाखान्याच्या त्या कोंदट वस्तीत बायका चिंध्या-कागद गोळा करून घर चालवतात. पुढे विधवा झालेली ही आई मुलाच्या शिक्षणासाठी झिजते. कष्टानेच यश मिळत असते, तर ह्या पुस्तकातील यशस्वी व्यक्ती ती असायला हवी होती. तिला काय मिळाले? मुलगा शिकला, हे तिचे समाधान. पण तो शिकला तेही आईच्या घामाबरोबर आणखी काही मिळाले म्हणून : संगमनेरचे वसतिगृह मिळाले, आंबेडकरी चळवळीची हवा लाभली, कायद्याने शाळेचे दार उघडे राहिले. त्याच महारवाड्यातील, त्याच वयाची, तितक्याच कष्टाळू आयांची दुसरी मुले मागे राहिली, आणि पवारांनी त्यांना पुस्तकातून पुसून टाकलेले नाही. ह्यातच पुस्तकाचे मोठेपण आहे. पवारांनी एक युक्ती केली आहे : शिकलेला, नोकरी लागलेला दया पवार एका बाजूला बसतो आणि गावचा दगडू त्याला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण यश मिळालेला आणि यशाच्या आधीचा असे दोघे. दगडू दया पवाराला विसरू देत नाही. नोकरी लागते, लेखक म्हणून नाव होते, आणि तरीही मनातली बोच जात नाही. ह्याला यश म्हणायचे का, हा प्रश्न पुस्तक उघडा ठेवते.

ह्या जिल्ह्यातील कॅथोलिक वाचकाला 'बलुतं' ही परक्याची कहाणी वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट धर्मगुरूंनी केंदळ-वळणच्या परिसरात काम सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे प्रथम जे आले ते बहुतेक ह्याच बलुत्यावर जगणारे होते. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांच्या पणजोबांनी तो वाटा खळ्यावर उभे राहून घेतलेला आहे. ती माणसे आळशी होती, असे त्यांचा कोणता वंशज म्हणेल? मग पुढच्या पिढ्यांत जे घडले, ते 'आमच्या कष्टांनी' घडले असे म्हणताना, शाळा उघडणारा धर्मगुरू, वसतिगृहातील धर्मभगिनी, फी माफ करणारा मुख्याध्यापक, आणि बहिणीचे शिक्षण थांबवून भावाला शिकवणारे घर, ही सगळी कोठे जातात? त्या बहिणीचे कष्ट भावाच्या यशात जिरून गेले, आणि स्मरणिकेत छायाचित्र आले ते भावाचे.

आजची उदाहरणेही दूर नाहीत. दरवर्षी गाळप हंगामात पाथर्डी-शेवगावकडून आणि बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या फडांवर येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो; म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक हत्यार होते. मुकादमाकडून घेतलेली उचल टनाटनाने फेडायची, आणि हंगाम संपताना पुष्कळांच्या वाट्याला पुढल्या वर्षाची उचल येते. पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या त्या बाईपेक्षा अधिक कष्ट करणारा माणूस जिल्ह्यात शोधून दाखवावा. केवळ कष्टाने यश येते हे विधान करणाऱ्याने ते एकदा तिच्यासमोर करून पाहावे.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकलेला आहे. संत मत्तयाच्या विसाव्या अध्यायात तो येतो. दिवसभर राबलेल्यांना आणि तासभर राबलेल्यांना सारखीच मजुरी मिळते, ह्यावर आपले सारे लक्ष खिळते. पण त्यात एक बारीक तपशील आहे. संध्याकाळी चौकात उभ्या असलेल्या मजुरांना मालक विचारतो, तुम्ही रिकामे का उभे? ते सांगतात, की आम्हांला कोणी कामावर बोलावलेच नाही. ते आळशी नव्हते. दिवसभर उन्हात उभे राहणे हेही कष्टच होते. फक्त त्या कष्टांना मळा मिळालेला नव्हता. मालक त्यांना उपदेश करीत नाही; मळ्यात पाठवतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक काढले, त्याचा गाभाही येथे जुळतो. श्रमाची प्रतिष्ठा ते करणाऱ्या माणसामुळे आहे, त्यातून काय आणि किती निघाले ह्यामुळे नव्हे. ही दृष्टी स्वीकारली, म्हणजे दगडूची आई अपयशी ठरत नाही, आणि 'ख्रिस्तायना'चे चौसष्ट अध्यायही वाया गेले असे म्हणता येत नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. मुलांना हे असे सांगू लागलो तर ती हातपाय गाळून बसतील. दैवावर हवाला ठेवतील. आई-वडिलांची ही भीती खोटी नाही. पण दोन्ही पुस्तकांत दैवाला शरण गेलेले कोणी नाही. टिळकांचा कोणताही बेत मोडला तरी लक्ष्मीबाई दुसऱ्या दिवशी चूल पेटवतात, नगरच्या प्लेगात आजारी मुलींची शुश्रूषा करतात, मुलाने आठवणी मागताच लेखणी घेतात. पाणी आले तेव्हा त्यांचे शेत नांगरून तयार होते. कष्टांची थोरवी एवढीच आहे, आणि ती थोडी नाही. नांगरलेल्या शेतालाच पाण्याचा उपयोग होतो; पण नांगराने पाणी निघत नाही. मुलाला हे दोन्ही सांगता येते. उलट, केवळ पहिलेच सांगितले तर काय होते? दहावीला नापास झालेला मुलगा असे समजतो, की दोष सर्वस्वी माझाच. त्याच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती, शाळेत गणिताला शिक्षक वर्षभर नव्हता, संध्याकाळी त्याला गोठ्यात राबावे लागत होते, हे सगळे त्याच्या लेखी सबबी ठरतात. आणि जो उत्तीर्ण झाला, तो समजतो की मी कोणाचे काही देणे लागत नाही. पहिल्याची निराशा आणि दुसऱ्याचा अहंकार एकाच चुकीच्या शिकवणुकीतून येतात. नियतीवादाची भीती बाळगताना ह्या दोन्हींकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

शेवटी साहित्याविषयीच थोडे. आपल्या नियतकालिकांत, स्मरणिकांत आणि गौरवग्रंथांत 'यशोगाथा' नावाचा एक लेखनप्रकार रूढ झाला आहे. गरिबी, जिद्द, संघर्ष आणि सत्कार अशा चार पायऱ्यांनी तो चढतो. वाङ्मय म्हणून हे लेखन फिके पडते, आणि त्याचे कारण भाषेत शोधण्याची गरज नाही. त्यात एकच माणूस असतो. बाकीचे सगळे पार्श्वभूमीला जातात, हे त्याचे कारण आहे. 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' जिवंत राहिली, ती माणसांनी गजबजलेली आहेत म्हणून. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात त्या स्वतः पुष्कळदा हास्यास्पद ठरतात आणि दुसरी माणसे मोठी दिसतात. पवारांच्या पुस्तकात सगळा महारवाडा बोलतो. दोघांनीही आपल्या श्रमांचे श्रेय स्वतःकडे ठेवून घेतले नाही, आणि म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. ज्यांना आपल्या आई-वडिलांविषयी, शिक्षकांविषयी किंवा स्वतःविषयी लिहावयाचे आहे, त्यांनी एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ : किती तास राबलो हे जसे लिहावे, तसे दार कोणी उघडले हेही नाव घेऊन लिहावे, आणि आपल्याबरोबर निघालेले, तितकेच राबलेले, पण मागे राहिलेले कोण, हेही लिहावे.

ही दोन्ही पुस्तके घरात एकत्र वाचण्यासारखी आहेत. 'स्मृतिचित्रे' तर मोठ्याने वाचावे असेच आहे. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे हसतील. 'बलुतं' वाचताना मध्ये थांबावे लागेल, कारण त्यात असे काही आहे जे मुलांना समजावून सांगावे लागते आणि जे सांगताना मोठ्यांनाच जड जाते. ते टाळू नये. येत्या जूनमध्ये धर्मग्रामात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होईल, तेव्हा व्यासपीठावरच्या मुलीला तिने किती तास अभ्यास केला हे अवश्य विचारावे. मग तिच्या घरी कोणाचे शिक्षण राहून गेले, हेही विचारावे, आणि त्या व्यक्तीलाही तिच्या शेजारी बसवावे.